शिकून कोल्हापुरात परतायचं म्हणताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिरोली एमआयडीसीत काम करताना आणि इथल्या कॉलेजांत मुलामुलींशी बोलताना काही प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतात. विचारणारे कधी शेवटच्या वर्षाला असतात, कधी पुण्यात चार-पाच वर्षं काढून घराकडे बघत असतात, तर कधी त्यांचे आईवडील असतात. त्या प्रश्नांना दिलेली उत्तरं इथे एकत्र केली आहेत. पुण्याला जाऊच नका, असं आमचं म्हणणं नाही. पण कोल्हापूर पारखून न बघताच जाऊ नका.

आमच्या शिक्षणाला साजेसं काम कोल्हापुरात आहे का?

आहे. पण ते पाटी लावून बसलेलं नाही, शोधावं लागतं.

कोल्हापूर म्हटलं की लोकांना अंबाबाई, रंकाळा आणि तांबडा-पांढरा आठवतो. या शहराची दुसरी ओळख यंत्रांची आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली आणि १९०६ मध्ये शाहू मिलचा पाया घातला. पुढे उसाच्या मळ्यांना, गुऱ्हाळांना आणि उपसा पंपांना इंजिनं लागू लागली, तेव्हा उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी ऑइल इंजिनं इथेच बनवली. त्यातले कित्येक जण शाळेत फार शिकलेले नव्हते. त्या इंजिनांसाठी ओतकाम लागलं, ओतकामासाठी पॅटर्न (साचा घडवायचे नमुने) लागले, पॅटर्नमागून मशिन शॉप आली. आज शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहत मिळून इथे सुमारे तीनशे फाउंड्री, म्हणजे धातू वितळवून ओतणारे कारखाने आहेत. ट्रॅक्टर, ट्रक, पंप, व्हॉल्व्ह यांचे सुटे भाग इथून देशभर आणि परदेशातही जातात. बाजूला इचलकरंजीचे माग आहेत, हुपरीची चांदी आहे, १९६३ मध्ये उभा राहिलेला गोकुळ दूध संघ आहे, साखर कारखाने आहेत आणि अलीकडे उच्च न्यायालयाचं सर्किट बेंचही आलं आहे.

अडचण एवढीच की यातले बहुतेक धंदे छोटे किंवा मध्यम आहेत. ते कॅम्पसमध्ये येत नाहीत. मालक ओळखीतून माणूस शोधतो आणि मुलगा मोबाइलवर नोकरी शोधतो. दोघांची गाठ पडत नाही. म्हणून कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशन, शिरोलीचं स्मॅक आणि गोकुळ शिरगावचं गोशिमा या उद्योजकांच्या संघटनांकडे स्वतः जा आणि कोणाला कसला माणूस हवा आहे ते विचारा. अर्ज टाकून वाट बघण्यापेक्षा हे बरं.

पगाराचं काय? पुण्याएवढा मिळेल?

सुरुवातीला नाही. हे उत्तर गोड करून सांगण्यात अर्थ नाही.

तरी हिशेब पूर्ण मांडा. समजा पुण्यात साठ हजार मिळतात आणि इथे पस्तीस. पुण्याच्या साठातून फ्लॅटचं भाडं, डिपॉझिटसाठी अडकलेली रक्कम, डबा, रोजचं पेट्रोल आणि महिन्यातून एकदोनदा गावी येण्याचा खर्च वजा करा. स्वतःचं घर असलेल्यासाठी फरक बराच कमी होतो. इथेही भाड्यानेच राहायचं असेल तर मात्र पुणे पुढेच राहतं.

खरा फरक पाचव्या-सहाव्या वर्षी दिसतो. पुण्यात नोकरी बदलली की पगार वाढतो. इथे त्याच ताकदीच्या कंपन्या कमी, त्यामुळे बदलायला जागा कमी. म्हणून पहिल्या पगारापेक्षा एक प्रश्न मुलाखतीत जरूर विचारा: तीन वर्षांनी माझ्याकडे कोणतं काम असेल?

मालकांनाही एक सांगायचं आहे. 'पोरं टिकत नाहीत' ही तक्रार आम्ही सतत ऐकतो. पण इंजिनिअरला ऑपरेटरच्या जवळपास पगार द्यायचा, कॉस्टिंगचा कागद त्याला दाखवायचा नाही, ग्राहकाशी बोलू द्यायचं नाही, आणि मग तो पुण्याजवळच्या चाकणला गेला की निष्ठेच्या नावाने बोलायचं, हे बरोबर नाही. मुलं पगारासाठी जातात तेवढीच अंधारात ठेवल्यामुळेही जातात. ज्या कारखान्यांत दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मुलाच्या हातात एखादा पार्ट पूर्णपणे सोपवला जातो, तिथे मुलं राहतात, हे आम्ही डोळ्यांनी बघतो आहोत.

इलेक्ट्रिक गाड्या आल्या की फाउंड्री बंद पडतील ना? मग त्यात शिरायचं कशाला?

सगळ्या बंद पडणार नाहीत, पण काहींची कामं नक्की जातील. इलेक्ट्रिक गाडीत सिलिंडर ब्लॉक, सिलिंडर हेड, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड लागत नाही. ज्याचा सगळा धंदा छोट्या गाड्यांच्या या भागांवर आहे, त्याने आजच विचार करायला हवा. उलट ब्रेक ड्रम, हब, एक्सल हाउसिंग इलेक्ट्रिक गाडीलाही लागतात. ट्रॅक्टर, जड ट्रक, पंप आणि मशिन टूल यांची बिडाची (ओतीव लोखंडाची) गरज इतक्यात संपत नाही. मोटरची हाउसिंग बहुतेक ॲल्युमिनियमची असते. ते काम वेगळं, त्याची यंत्रं वेगळी.

म्हणून 'फाउंड्रीला भविष्य आहे का' असं मोघम विचारू नका. ज्या कंपनीत जाणार आहात तिचे पहिले पाच ग्राहक कोण आणि त्यांना कोणता पार्ट जातो, हे विचारा. चित्र बऱ्यापैकी स्पष्ट होईल.

शिकलेल्या मुलाने फाउंड्रीत नेमकं करायचं काय? सगळं तर मिस्त्रीच बघतात.

हा प्रश्न आम्हाला सगळ्यात जवळचा आहे, म्हणून जरा सविस्तर.

एका फाउंड्रीत दुसऱ्या पाळीच्या मालात ब्लो होल येत होते. ओतलेला पार्ट वरून चांगला दिसायचा, मशिनिंगला लावला की आत पोकळी निघायची. म्हणजे ओतण्याचा, फेटलिंगचा (ओतलेला पार्ट साफ करण्याचा) आणि मशिनिंगचा असा सगळाच खर्च वाया. मोल्डिंगवरचे जुने मिस्त्री म्हणत, "दुपारनंतर वाळू बिघडते." ते वाळू मुठीत दाबून, मोडून बघत आणि त्यांचं बोलणं खरंच होतं. पण का बिघडते, हे कागदावर कोणी मांडलेलं नव्हतं.

नुकतीच लागलेली, मेटलर्जी (धातुशास्त्र) शिकलेली एक मुलगी सँड मिक्सरपाशी उभी राहिली. ओतून झालेल्या साच्यांची वाळू फिरून परत येते. तिचं तापमान आणि ओलावा ती तासातासाला लिहू लागली. सकाळी परतीची वाळू गार असायची. दुपारपर्यंत तीच वाळू इतक्यांदा फिरलेली असायची की गार व्हायला वेळच मिळत नव्हता. गरम वाळूतलं पाणी उडून जातं, ती हाताला कोरडी लागते, म्हणून ऑपरेटर अंदाजाने पाणी वाढवायचा. ओलावा साडेतीन टक्क्यांच्या आसपास हवा, तो वर जायचा. साच्यात वितळलेलं लोखंड पडलं की त्या जादा पाण्याची वाफ व्हायची आणि ती पार्टमध्येच अडकायची. चक्रातली वाळू वाढवली, परतीच्या वाटेवर गार करायची सोय केली, आणि पाणी अंदाजाने नाही तर मोजून घालायला सुरुवात झाली.

यात मिस्त्रींचा हात आणि मुलीची वही दोन्ही लागले. एकाने दुसऱ्याला हरवलं नाही.

आता याची किंमत बघा. महिन्याला २०० टन ओतणाऱ्या फाउंड्रीत रिजेक्शन फक्त दोन टक्क्यांनी कमी झालं, तरी ४ टन माल वाचतो. इंडक्शन फर्नेसला (विजेवरच्या भट्टीला) एक टन बीड वितळवायला साधारण ५५० ते ६०० युनिट वीज लागते. म्हणजे नुसत्या वितळवण्याची दोन हजारांवर युनिट वाचली. वाळू, मजुरी, मशिनिंग आणि ग्राहकाकडून येणारी बोलणी यांचा हिशेब वेगळाच. हे आकडे मालकासमोर ठेवता आले की पगार वाढवून मागायला तोंड येतं.

कारखाने कर्नाटकात जाणार असं सारखं ऐकतो. खरं आहे का?

वीजदराचा मुद्दा निघाला की ही चर्चा दरवेळी उठते. फर्नेस विजेवर चालते आणि कागलपलीकडे कोगनोळीला राज्याची हद्द संपते. पलीकडे वीज स्वस्त पडत असेल तर उद्योजक हिशेब करणारच. मात्र उभी फाउंड्री उचलून नेणं सोपं नसतं. पॅटर्नवाला, कोअरवाला, मशिन शॉप, टेम्पोवाला हे सगळं जाळं इथे आहे. धोका नव्या गुंतवणुकीला जास्त आहे: जुना प्लांट इथे आणि वाढीव प्लांट तिकडे. सरकारने हे गांभीर्याने घ्यायला हवं, कारण तुमच्या नोकऱ्या त्या वाढीव प्लांटमध्येच तयार व्हायच्या आहेत.

इचलकरंजीत टेक्स्टाइलवाल्यांना वाव आहे का?

१९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला आणि पुढे सगळं गाव मागांच्या आवाजावर वाढलं. आज तिथे दोन जगं शेजारी शेजारी आहेत. एकीकडे साधे माग. त्यातले खर्चीवाले दुसऱ्याचं सूत घेऊन मजुरीवर कापड विणून देतात, आणि ती मजुरी पिकामागे (आडव्या धाग्याच्या फेरीमागे) पैशांत ठरते. त्यातले कितीतरी माग भंगारात गेले. दुसरीकडे रेपियर आणि एअरजेट अशा शटललेस (धोट्याशिवाय चालणाऱ्या आधुनिक) मागांचे कारखाने. तिथे टेक्स्टाइल इंजिनिअर, मेंटेनन्सवाला, गुणवत्ता बघणारा आणि परदेशी ग्राहकाला नमुने पाठवणारा, सगळे लागतात. डीकेटीईसारखं टेक्स्टाइल शिकवणारं कॉलेज गावातच आहे. आमचं मत विचाराल तर कमतरता विणण्यात नाही, पुढच्या टप्प्यात आहे. प्रोसेसिंग, गारमेंट, स्वतःचा ब्रँड यात शिकलेली मुलं कमी आहेत. कापड इथून जातं आणि त्याचा शर्ट दुसऱ्या गावात होतो. नफाही तिकडेच राहतो.

आयटीवाल्यांनी यावं का? एआयमुळे तर सगळीकडेच धास्ती आहे.

कोल्हापुरात छोट्या-मध्यम सॉफ्टवेअर कंपन्या आहेत आणि त्यातल्या बऱ्याच परदेशी ग्राहकांचं काम करतात. शेंडा पार्कच्या जागेवर आयटी पार्क व्हावा, ही मागणी जुनी आहे. तो होईल तेव्हा होईल. त्याच्या भरवशावर आयुष्याचा निर्णय घेऊ नका.

एआयने पहिली गदा आणली आहे ती नवख्यांच्या साध्या कामावर: ठरावीक कोड, ठरावीक टेस्टिंग. ती पुण्यातही आली आहे आणि बंगळूरमध्येही. इथे तुमच्या हाताशी एक गोष्ट आहे जी तिकडच्या मुलांना सहज मिळत नाही. पंधरा मिनिटांवर फाउंड्री, अर्ध्या-पाऊण तासावर माग, शेजारी दूध संकलन केंद्र. यातल्या कोणाचंही काम अजून वहीत, एक्सेलमध्ये आणि व्हॉट्सॲपवर चालतं. कोणती हीट (भट्टीतला एका वेळचा वितळलेला माल) कोणत्या पार्टला गेली, हे शोधायला ग्राहकाच्या ऑडिटच्या वेळी चारचार फाइली उलटाव्या लागतात. तिथे महिनाभर जाऊन बसा आणि मग सॉफ्टवेअर लिहा. नुसतं 'आम्ही ईआरपी (सगळा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर) बनवतो' म्हणून दारात गेलात तर चहा मिळेल, ऑर्डर मिळणार नाही.

मी घरून परदेशी क्लायंटचं काम करते. कर, जीएसटी कसं बघायचं?

सेवा क्षेत्रात वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी लागते. निर्यातीच्या सेवेवर कर शून्य असला, तरी नोंदणी, हमीपत्र आणि परकीय चलनाची बँकेची कागदपत्रं नीट ठेवावी लागतात. आयकरात ठरावीक व्यावसायिकांना ढोबळ उत्पन्नाच्या निम्मी रक्कम नफा धरून विवरणपत्र भरायची सोय आहे. तिची मर्यादा ५० लाख, आणि रोखीचे व्यवहार पाच टक्क्यांच्या आत असतील तर ७५ लाख. तुमचं काम त्या यादीत बसतं का, हे सीएला आधी विचारा. घरातल्यांना 'ही दिवसभर लॅपटॉपवर बसते' एवढंच दिसतं. त्यांनाही एकदा पावती दाखवा.

वकिलीत आता खरंच काही बदललं का?

बदललं. चाळीसेक वर्षांच्या मागणीनंतर १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं. सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग अशा सहा जिल्ह्यांचे खटले आता सीपीआर या सरकारी रुग्णालयासमोरच्या इमारतीत येतात. पूर्वी आजऱ्याच्या शेतकऱ्याला तारखेसाठी रात्रभर प्रवास करून मुंबई गाठावी लागायची.

नव्या वकिलांसाठी हे मोठं दार आहे, पण ते आपोआप उघडत नाही. उच्च न्यायालयातलं ड्राफ्टिंग वेगळं, इंग्रजी चांगलं लागतं, ई-फायलिंग यावं लागतं. खालच्या कोर्टातली मराठी कागदपत्रं आणि साक्षी इंग्रजीत आणणाऱ्या अनुवादकांची गरज वाढली आहे. हे काम वकील नसलेली भाषेची मुलंही करू शकतात. ज्युनिअरच्या मानधनाचा प्रश्न मात्र अजून तसाच आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२४ मध्ये शहरात किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार देण्याची शिफारस केली. ती शिफारसच आहे, बंधन नाही. ज्येष्ठांनी ती मनावर घ्यावी, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

मुलींसाठी एमआयडीसी ठीक आहे का?

काम म्हणून पूर्ण ठीक. लॅब, गुणवत्ता, डिझाइन, प्लॅनिंग, सीएनसी (संगणकावर चालणारी मशिन) या सगळ्या ठिकाणी मुली उत्तम काम करत आहेत. अडतं ते जाण्यायेण्यावर. दुसरी पाळी सुटल्यावर गेटपासून घरापर्यंतचा प्रवास हीच बहुतेक घरांची भीती असते आणि ती रास्त आहे. रात्रपाळीला कायद्याने अटींसह मुभा आहे. सुरक्षितता आणि वाहनाची सोय ही कंपनीची जबाबदारी. मुलाखतीत हे विचारताना संकोच करू नका. स्वच्छतागृह स्वतः बघा. कंपनी कशी आहे, ते तिथे कळतं.

आणखी एक. लग्नानंतर दोघांनाही कामं हवी असतात. एकाला कोल्हापुरात आणि दुसऱ्याला मिळतच नाही, म्हणून दोघंही परत पुण्याला जातात. ही गळती कोणत्याच आकडेवारीत दिसत नाही.

स्वतःचं सुरू करायचं आहे. कर्ज, अनुदान कसं मिळतं?

जिल्हा उद्योग केंद्रात जा. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात उत्पादनासाठी ५० लाखांपर्यंत आणि सेवेसाठी २० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो. गट आणि ठिकाण बघून १५ ते ३५ टक्के अनुदान असतं. राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमही याच धर्तीवर आहे. मात्र अनुदान हातात पडत नाही. ते बँकेत तीन वर्षं अडकून राहतं आणि धंदा चालू असेल तरच कर्जात वळतं. कर्ज द्यायचं की नाही हे शेवटी बँक ठरवते. म्हणून अनुदान धरून प्रकल्प आखू नका. अनुदानाशिवाय हप्ता फिटत असेल तरच पुढे जा. एजंटला पैसे देऊ नका. उद्यम नोंदणीही (लघुउद्योग म्हणून सरकारकडची नोंद) पूर्ण मोफत आहे.

माल दिला, बिल दिलं, पैसे येत नाहीत.

छोटी वर्कशॉपं काम नसल्यामुळे जेवढी बुडतात, तेवढीच याने बुडतात. २००६ च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावं लागतं. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय मुदतीत पैसे न देणाऱ्या कंपनीला, पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत, तो खर्च करपात्र उत्पन्नातून वजा करता येत नाही. हे लक्षात आल्यापासून काही मोठ्या कंपन्यांचे अकाउंटंट स्वतःहून फोन करू लागले. यासाठी उद्यम नोंदणी माल देण्याआधीची हवी, आणि बिलावर तिचा नंबर छापलेला बरा. तरीही पैसे आले नाहीत तर लघुउद्योगांसाठीच्या सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. ग्राहक तुटेल ही भीती आम्हाला कळते. निदान आठवणीचं पत्र तरी लेखी पाठवा.

कोल्हापुरी चपलेत तरुणांना काही आहे का?

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये इटलीच्या प्राडा या फॅशन कंपनीने कोल्हापुरीसारख्याच चपला कोल्हापूरचं नाव न घेता दाखवल्या आणि सगळं कोल्हापूर पेटून उठलं. कोल्हापुरी चपलेला २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात येतात. पण रागाने कारागिराची मजुरी वाढत नाही. फोटो, माप, ऑनलाइन विक्री, खऱ्या-खोट्याची ओळख ही कामं शिकलेल्या मुलांनी कारागिराला भागीदार धरून केली पाहिजेत, नुसता पुरवठादार धरून नाही.

शहर वाढतच नाही, मग आम्ही कसे वाढणार?

१९७२ मध्ये महानगरपालिका झाली आणि तेव्हापासून हद्द तीच आहे. पाचगाव, उचगाव, कळंबा शहराला चिकटली, पण कारभार ग्रामपंचायतीचा. २०१७ मध्ये ४२ गावांसाठी प्राधिकरण झालं, तरी हद्दवाढीचा वाद मिटला नाही. पंचगंगेच्या २०१९ आणि २०२१ च्या पुरांत महामार्ग बंद पडून ट्रक जागच्या जागी थांबले. कोकणात जाणारी वैभववाडीची रेल्वे मंजूर होऊनही कागदावरच राहिली आहे. दुसरीकडे उजळाईवाडी विमानतळाचं नवं टर्मिनल २०२४ मध्ये सुरू झालं आणि पुण्याला वंदे भारत धावू लागली. ग्राहकाला आता येऊन प्लांट बघणं सोपं झालं आहे. जागा घेताना दोन गोष्टी जरूर तपासा: परवानगी कोणाची लागते आणि २०१९ ला पाणी कुठवर आलं होतं.

परत आलो तर 'पुण्यात जमलं नाही वाटतं' असं म्हणतात.

म्हणतात. सहा महिने म्हणतात, मग दुसरा विषय निघतो. आईवडिलांना मात्र आधी विश्वासात घ्या, त्यांना चार लोकांत उत्तर द्यावं लागतं.

वडिलांचं वर्कशॉप आहे. मी सांभाळू का?

आधी बाहेर दोनतीन वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली काम करा. पगार घेताना जे शिकतो, ते मालकाचा मुलगा म्हणून शिकता येत नाही. मग परत या आणि लेथ नाही, आधी वही बघा. कोणता ग्राहक किती टक्के धंदा देतो, कोणाकडे किती दिवसांची उधारी आहे, कोणत्या पार्टवर तासाला किती सुटतात. बहुतेक वर्कशॉपांत एकच ग्राहक निम्म्याहून जास्त धंदा देत असतो आणि त्याच्याच पार्टवर सगळ्यात कमी सुटतं. वडिलांना हे माहीत असतं. त्याचा दर वाढवून मागायचं धाडस झालेलं नसतं, कारण तो गेला तर दहा माणसांचे पगार कुठून द्यायचे?

म्हणून पहिल्या वर्षी नवी व्हीएमसी (संगणकावर चालणारं महागडं मशिन) घेऊ नका. दुसरा ग्राहक आणा. तो आला, त्याचं बिल वेळेवर आलं की जुन्या ग्राहकासमोर दराचा कागद घेऊन वडिलांसोबत बसा. बोलू त्यांना द्या, आकडे तुम्ही ठेवा. आणि तुमचा पगार किती, भागीदारी किती, सही कोणाची, हे पहिल्याच महिन्यात सीएसमोर लिहून घ्या. भाऊ असेल तर नक्कीच.